लेथवरचं नाव

आपल्या वर्कशॉपमध्ये मशीन शॉपच्या डाव्या रांगेत जे जुने लेथ उभे आहेत, त्यांच्या हेडस्टॉकवर एक नाव ओतलेलं आहे. हिरव्या रंगाचे इतके थर त्यावर चढलेत की अक्षरं बुजत चालली आहेत, पण बोट फिरवलं की लागतात. किर्लोस्कर. फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी त्याच लेथवर स्टेप टर्निंग केलं, टेपरचा अँगल चुकवला, जर्नल सबमिट केलं आणि व्हायवाला घाम गाळून पुढे निघून गेलो. ते नाव कोणाचं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. आमच्या बॅचमध्ये मेकॅनिकलला मुली चार, त्यामुळे वेणी टोपीत कोंबायची आणि ओढणी बॅगेत ठेवायची, एवढाच आमचा त्या लेथशी संबंध!

हे नाव मला पुन्हा भेटलं ते पेठला. हॉस्टेलमध्ये गाव पेठ सांगितलं की लगेच प्रश्न येतो, सदाशिव की नारायण? तर मित्रांनो, ही ती पेठ नव्हे. नाशिकहून सावळघाट ओलांडून गुजरातच्या अंगाला उतरलं की लागतो तो आमचा पेठ तालुका. पाऊस धो धो, शेतात भात आणि नागली, आणि लाईट तिच्या मर्जीची. माझं शिक्षण नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी मी संपादकांवर सोडते. पण सुट्टी म्हटली की पेठ, मोठ्या काकांकडे.

काका ग्रामसेवक म्हणून रिटायर झाले आणि त्यांनी आयुष्यभराची हौस पूर्ण केली. लाकडाचा लेथ घेतला. पूर्वीचा कातारी दोरी ओढून लाकूड फिरवायचा आणि लाटणी, भोवरे, पाळण्याचे खूर कातायचा, तसलं काम करायची काकांना लहानपणापासून इच्छा. नाशिकहून एक हॉर्सपॉवरची मोटर, स्टेप पुली, व्ही-बेल्ट, सगळं टेम्पोतून आलं. पडवीत जुन्या लाकडी टेबलावर लेथ ठेवला, बोर्डातून वायर ओढली, नारळ फोडला आणि आंब्याचा एक ओंडका चढवून बटण दाबलं. टेबल चालायला लागलं! अक्षरशः चालायला लागलं, दाराच्या दिशेने. काकांनी ते कमरेने दाबून धरलं. तेवढ्यात लाईट गेली. बटण चालूच. काकांना वाटलं, बरंच झालं, तेवढ्यात टूल रेस्ट जरा जवळ घ्यावी. हात आत घातला आणि लाईट आली.

अंगठ्याला तीन टाके पडले, नख गेलं. आजी म्हणाली की वीस वर्षं सरकारी नोकरीत जे झालं नाही ते घरात बसून झालं. लेथवर गोणपाट पडलं. आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण घरात इंजिनिअर म्हणजे मी. चौथं सेमिस्टर, एक केटी.

कॉलेजला परत आल्यावर लेथ कसा बसवायचा ते शोधायला मी लायब्ररीत गेले, आणि त्या हिरव्या रंगाखालच्या नावाचा माणूस हाती लागला. लक्ष्मणराव किर्लोस्कर. मला वाटायचं, असे लोक मोठे कारखानदार म्हणूनच जन्माला येत असतील. तसं अजिबात नाही. हा माणूस जन्मभर मशीन बसवायला जागा शोधत होता.

२० जून १८६९ ला बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला त्यांचा जन्म. वडील काशिनाथपंत. लक्ष्मणरावांचं शाळेत मन लागत नव्हतं. केटीवाल्यांनी लगेच हुरळून जाऊ नये, कारण त्यांचं मन दुसरीकडे खरोखर लागत होतं. चित्रं काढण्यात आणि यंत्रं उलगडून बघण्यात. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. वडिलांच्या मनात नव्हतं, थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी राहिले. तिथे कळलं की डोळ्यांना सगळे रंग नीट ओळखू येत नाहीत. आंशिक रंगांधळेपणा. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला हे कळलं तर काय होईल, विचार करा. पण रंग गेले तरी रेघ राहिली होती. त्यांनी मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं. आपण ज्या ईडीला शिव्या घालतो, तेच!

या ड्रॉइंगच्या जोरावर त्यांना व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायची नोकरी मिळाली. १८८७ साली सुरू झालेली ही संस्था तेव्हा अगदी नवी होती. लक्ष्मणराव शिकवायचे ड्रॉइंग, पण त्यांचा जीव वर्कशॉपमध्ये. यंत्राचं शिक्षण त्यांनी कुठल्या डिग्रीत घेतलं नाही. यंत्राजवळ उभं राहून, त्याला हात लावून घेतलं. तेव्हाच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक मशीनला स्वतंत्र मोटर नसायची. एक इंजिन, छताजवळून जाणारा लांब शाफ्ट, आणि त्यावरून प्रत्येक मशीनकडे उतरणारे चामड्याचे पट्टे. एक पट्टा सुटला की चाबकासारखा लागायचा. धोतर, उपरणं, शर्टाची बाही, काहीही त्यात जायचं आणि माणसासकट जायचं. आपले इन्स्ट्रक्टर सर वर्कशॉपमध्ये सैल कपड्यांवरून ओरडतात, तेव्हा त्यांच्या ओरडण्याला शंभर-सव्वाशे वर्षांची परंपरा आहे असं समजायला हरकत नाही.

मुंबईत असतानाच सायकल नावाची नवी गोष्ट त्यांच्या नजरेला पडली. ते सायकल शिकले, मग ती विकायचा उद्योग सुरू झाला. रामूअण्णा बेळगावला होते, त्यांनी तिथलं बघायचं. सायकल विकायची, दुरुस्त करायची आणि चालवायलाही शिकवायची. किर्लोस्कर समूह आपलं स्थापनेचं वर्ष १८८८ धरतो, ते या सायकलच्या दुकानाचं. बेळगावच्या त्या रस्त्याला आज किर्लोस्कर रोड म्हणतात.

व्हीजेटीआयमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा हक्क लक्ष्मणरावांचा होता. जागा दिली गेली एका अँग्लो-इंडियनाला. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावला आले. हे लिहायला एक ओळ लागते. पण पगाराची नोकरी, मुंबई, संस्थेचं नाव, हे सगळं सोडून सायकलच्या दुकानात येऊन बसणं म्हणजे काय, हे प्लेसमेंटच्या सीझनमध्ये हॉस्टेलच्या जिन्यात बसून कॉलची वाट बघणाऱ्यांना मी वेगळं सांगायला नको.

बेळगावला त्यांनी छोटं वर्कशॉप उभं केलं आणि शेतकऱ्याच्या कामाच्या वस्तू करायला घेतल्या. आधी कडबा कापायचं यंत्र. मग लोखंडी नांगर. आपल्याकडे तेव्हा लाकडी नांगर चालायचा. माती वरवर ओरखडायचा, पण उलटवायचा नाही. लोखंडी नांगर खोल जातो आणि ढेकूळ पालथं घालतो. बनवणं एक वेळ जमलं, विकणं जमेना! लोखंडाने जमीन विषारी होते, पीक जळतं, अशी समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आपण प्रोजेक्ट एक्झिबिशनमध्ये दोन तास कुणी स्टॉलवर आलं नाही तर सामान गुंडाळतो.

इथे मी जरा थांबते, कारण नांगराचा माझ्या काकांच्या लेथशी संबंध आहे, आणि तो मला सेकंड इयरला पॅटर्न मेकिंग शिकताना समजला नव्हता. बिडाचा नांगर ओततात. ओतायला साचा हवा. वाळूत साचा उमटवायला आधी हुबेहूब वस्तू हवी, आणि ती करतात लाकडाची. तोच पॅटर्न. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. लाकूड चांगलं सागाचं, कारण ते ओल्या वाळूत कमी फुगतं. आणि पॅटर्नमधला जो भाग गोल असेल, चाक, पुली, बुशिंग, तो कातायचा लाकडाच्या लेथवर. म्हणजे लोखंडाच्या कारखान्यातली कितीतरी वस्तू आधी लाकडात जन्माला येते. आपल्या कारपेंट्री शॉपच्या कोपऱ्यात जो लाकडाचा लेथ आहे, ज्याच्यावर आपण बॅगा ठेवतो, तो तिथे उगाच नाही.

असो. नांगर कुठे हळूहळू खपायला लागले, तर नवीनच संकट आलं. ज्या जागेवर कारखाना होता, ती बेळगावच्या नगरपालिकेला वस्ती वाढवायला हवी होती. जागा खाली करा म्हणून सांगितलं गेलं. मशीन उचलून दुसरीकडे नेणं म्हणजे कपाट हलवणं नाही. शाफ्ट उतरवायचा, पाया सोडायचा, दुसरीकडे पुन्हा पाया घालायचा, पुन्हा सगळं एका रेषेत आणायचं. वयाच्या चाळिशीत, कर्ज डोक्यावर घेऊन.

त्या वेळी मदतीला आले औंधचे राजे, बाळासाहेब पंतप्रतिनिधी. तेच, ज्यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला. ते स्वतःही चित्रकार. त्यांनी लक्ष्मणरावांना औंधमध्ये सभामंडप बांधायचं काम दिलं होतं. कारखान्याची अडचण कळल्यावर संस्थानातली जागा देऊ केली. कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपये बिनव्याजी. माळ कसला, निवडुंगाचं रान आणि त्यात साप. पाणी नाही. जमेची बाजू एकच, शेजारून रेल्वे जात होती. मार्च १९१० मध्ये तिथे काम सुरू झालं. निवडुंग तोडला, तात्पुरत्या शेड घातल्या, आणि कारखाना आणि वस्ती दोन्ही एकाच वेळी उभी राहायला लागली. तीच किर्लोस्करवाडी. पुढे स्टेशनचं नावही तेच झालं.

बरोबर जी माणसं होती, ती बघण्यासारखी आहेत. रामूअण्णा वस्तीचा कारभार बघायचे. शंभूराव जांभेकर कारखान्यातलं काम. मंगेशराव रेगे हिशेब. अनंतराव फळणीकरांना यंत्रात फार गती, तीही स्वतः शिकून आलेली. शाळेत न रमलेल्या मालकाने शाळेत न रमलेली माणसं गोळा केली असं म्हणायला हवं. आणि रात्रीच्या पहाऱ्याला ठेवले तुकाराम रामोशी आणि पिर्या मांग, दोघेही तुरुंगाची शिक्षा भोगून आलेले. सगळ्या माळावरची मालमत्ता रात्री त्यांच्या हवाली. वाडीत शिवाशीव पाळायची नाही असा लक्ष्मणरावांचा नियम होता. १९१० च्या दशकातली ही गोष्ट आहे. आपल्या मेसमध्ये आजही कोण कोणाच्या टेबलावर बसतं ते बघा आणि मग ठरवा हे किती सोपं किंवा अवघड असेल.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर यायचे थांबले आणि किर्लोस्कर नांगराची मागणी वाढली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर नावाचं पत्र सुरू केलं. सुरुवात कारखान्याच्या बातम्या आणि मालाची माहिती देण्यासाठी, पण पुढे तेच किर्लोस्कर मासिक झालं, मग १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर आलं. नांगराच्या कारखान्यातून मराठीतली तीन मासिकं! मॅगझिन कमिटीला निधी वाढवून मागताना हा मुद्दा कामाला येईल. थोरला मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला मेकॅनिकल शिकून १९२६ मध्ये पदवी घेऊन आला. उसाचे चरक, पंप, इंजिनं, असं एकेक वाढत गेलं. मोठेपणाचा हा भाग सगळीकडे वाचायला मिळतो, म्हणून मी तो पटकन उरकते.

आपल्या कामाचा भाग १९४१ चा. दुसरं महायुद्ध चालू, बाहेरून मशीन टूल्स येणं अवघड, आणि म्हैसूर संस्थानात तुंगभद्रेच्या काठी हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना निघाला. लेथ बनवायला. म्हणजे इतकी वर्षं मशीन वापरून वस्तू केल्या, आता वस्तू बनवणारं मशीनच बनवायचं. वर्कशॉपमध्ये आपण ज्यावर बोट फिरवतो, ते नाव तिथलं. तो कारखाना पुढे बंद पडला, लेथ मात्र अजून चालतात.

हे सगळं वाचून मी दिवाळीच्या सुट्टीत पेठला गेले ते एक गोष्ट मनात घेऊन. काकांची चूक हात आत घालण्यात नव्हती, निदान फक्त तिथे नव्हती. त्यांनी मशीन आणलं होतं, बसवलं नव्हतं. आपल्या इन्स्ट्रक्टर सरांनी मला एक पान भरून यादी दिली होती, आणि काका अंगठ्याला पट्टी बांधून माझे हेल्पर झाले.

आधी जागा. पडवीतून लेथ काढला, कारण तिथून घरातली सगळी ये-जा. मागच्या शेडमध्ये भिंतीशी शेणाने सारवलेली जमीन खणून काँक्रीटचा सहा इंचाचा ओटा घातला आणि त्यात फाउंडेशन बोल्ट सोडले. काकांना लगेच दुसऱ्या दिवशी लेथ चढवायचा होता. मी हट्टाने सात दिवस ओलं गोणपाट टाकून पाणी मारायला लावलं. लेथवर पडलेलं गोणपाट शेवटी असं कामाला आलं. मग लोखंडी स्टँड बोल्टवर बसवला. स्पिरिट लेव्हल उभी आणि आडवी दोन्ही बाजूंनी लावून जिथे फट तिथे पत्र्याच्या चकत्या सारल्या. उंची काकांच्या कोपराएवढी, म्हणजे फिरणाऱ्या लाकडाचा मध्य कोपराच्या रेषेत. उंची कमी असली की माणूस वाकतो आणि वाकला की चेहरा लाकडाच्या समोर येतो. हेडस्टॉक आणि टेलस्टॉकची टोकं एकमेकांना चिकटवून बघितली. टोकाला टोक भिडायला पाहिजे. आमचं जरा सरकलेलं होतं, टेम्पोत हादरलं असणार. ते सैल करून जुळवलं.

मग ओंडका उडायला का बघत होता, ते शोधलं. यात सगळ्यात मजा आली, कारण पहिल्यांदाच आपलं गणित घरी उपयोगी पडलं. मोटर १४४० आरपीएमची. बेल्ट अशा पायरीवर होता की दोन्ही पुल्या सारख्या, म्हणजे लाकूडही १४४० ने फिरणार. ओंडका आठ इंची. काठावरचा वेग काढा, ताशी ५५ किलोमीटर येतो. साल न काढलेला, एका अंगाला जड ओंडका नाशिक-पेठ बसच्या वेगाने पडवीत फिरत होता! लाकूडकाम करणाऱ्यांचा एक अंदाज असतो. इंचातला व्यास आणि आरपीएम यांचा गुणाकार सहा ते नऊ हजारांच्या आत हवा. काकांचा होता साडेअकरा हजार. बेल्ट खालच्या पायरीवर घेतला, ७२० झाले. असमतोलाची ओढ वेगाच्या वर्गाने बदलते, म्हणजे वेग निम्मा केला की ओढ पाव. खडबडीत ओंडका गोल होईपर्यंत त्याहूनही कमी वेग बरा, म्हणून आम्ही मोठं लाकूड चढवायच्या आधी कोपरे वाकसाने तासून घ्यायचे ठरवलं. गाठी, चिरा, आतले खिळेही बघायचे. चिरलेलं लाकूड चुलीत, लेथवर नाही.

आता लाईट. पेठच्या पावसात शेडची जमीन वर्षातले चार महिने ओली. थ्री पिनचा तिसरा पाय आधी कशालाच जोडलेला नव्हता. नुसता शोभेला. वायरमनला बोलावून मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा खड्डा केला, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. आणि साध्या बटणाच्या जागी स्टार्टर. शेतावरच्या मोटरीला असतो तोच, हिरवं-लाल बटण. याची मेख अशी की लाईट गेली की आतलं कॉइल सुटतं, आणि लाईट आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर उठत नाही. काकांचा अंगठा याच एका गोष्टीने वाचला असता. पण आपल्याकडे शेतकरी काय करतो? रात्री-बेरात्री लाईट येते, विहिरीवर कोण जाणार, म्हणून स्टार्टरला ऑटो स्विच जोडतो, म्हणजे लाईट आली की पंप आपोआप सुरू. पंपाला ते ठीक. पण काकांनी अगदी भोळेपणाने विचारलं की तसला ऑटो स्विच इथेही लावूया का? मी काही बोलले नाही, फक्त त्यांच्या पट्टीकडे बघितलं. मग त्यांनाच हसू आलं.

स्टार्टर डाव्या हाताला, फिरणाऱ्या लाकडावरून हात न्यावा लागणार नाही असा. लाकडाच्या सरळ रेषेत, म्हणजे तुकडा सुटलाच तर ज्या दिशेला जाईल तिथे, कुणी बसायचं नाही. आजीची तांदूळ निवडायची जागा नेमकी त्या रेषेत येत होती. आजी हलायला तयार नव्हती. शेवटी लेथच फिरवून घेतला असता, पण बोल्ट काँक्रीटमध्ये! मग आजीसाठी अंगणात सावलीला बाज टाकली आणि तिने मोठ्या मनाने मान्य केलं. बेल्टवर जाळी लावली. शेडच्या दारात एक पाटी रंगवली. हातमोजे नाहीत, उपरणं नाही, अंगठी-घड्याळ नाही, ओढणी नाही. हातमोज्याचं काकांना पटत नव्हतं, थंडीत बरे असतात म्हणे. पण मोज्याचा एक धागा लाकडात गुंतला की अख्खा हात जातो. चेहऱ्यावर पारदर्शक शील्ड मात्र हवीच. पूर्वीचा दोरी ओढणारा कातारी हे काहीच वापरत नसे, हे काकांनी मला ऐकवलं. खरंय. पण त्याचा लेथ माणसाच्या हाताच्या जोरावर फिरायचा, माणूस थांबला की लाकूड थांबायचं. मोटर कुणासाठी थांबत नाही.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला पोस्टाने तिकीट काढलं. निवडुंगाच्या माळावर आज वस्ती आहे, कारखाना आहे. मला मात्र त्यांचं आयुष्य वाचताना सारखं डोळ्यासमोर येतं ते १९१० चं साल. सगळी मशीनं बेळगावहून उतरवून माळावर आणलेली, शेड अजून पुरत्या झालेल्या नाहीत, आणि चाळिशीचा एक ड्रॉइंग मास्तर पहिल्या पायाची लेव्हल बघतोय. असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, हे माझ्या मनातलं चित्र. पण कुणीतरी बघितलीच असणार, नाहीतर शाफ्ट फिरला नसता.

भाऊबीजेच्या दिवशी आम्ही लेथ सुरू केला. लाकूड आधी हाताने एक फेरी फिरवून कुठे अडत नाही ना बघितलं, टूल रेस्ट लाकडापासून तीन मिलिमीटरवर घट्ट केली, चक्की-पाना काढून खिळ्याला टांगला, आणि काका बाजूला उभे राहिले. हिरवं बटण मी दाबलं. टेबल चाललं नाही. सागाचा भुसा उडायला लागला, वास सुटला, आणि पंधरा मिनिटांत लाईट गेली. लाकूड हळूहळू थांबलं. काकांनी हात मागे बांधले आणि लाल बटण दाबून आले. वीस मिनिटांनी लाईट आली तेव्हा शेडमध्ये फक्त बल्ब लागला.

संध्याकाळी एक लाटणं झालं. एका टोकाला किंचित बारीक, कारण टेपर मला अजूनही जमत नाही. आजीने त्याच्यावरच पोळ्या लाटल्या. पोळ्या एका बाजूला जाड झाल्या.